१/३५ चा रणगाडा: जोडण्याआधी काय सुटं ठेवायचं ते ठरवा

रणगाड्याचं १/३५ चं, म्हणजे खऱ्याच्या पस्तिसाव्या हिश्शाचं, प्लास्टिकचं मॉडेल बिघडलं की लोक जे फोटो दाखवतात त्यांत तक्रारी जवळपास त्याच असतात. डिकलच्या (पाण्यात भिजवून लावायच्या नंबर-खुणांच्या) कडेने चंदेरी चकाकी. हिरव्या रंगावर पांढुरकी झाक. पट्ट्याचा वरचा भाग चाकांवर न टेकता अधांतरी. चाकांच्या मागे, जिथे ब्रश पोचलाच नाही, तिथे उघडं प्लास्टिक. हात सराईत नव्हता म्हणून हे होत नाही. एकतर क्रम चुकलेला असतो, नाहीतर मुंबईच्या हवेत जेवढं थांबायला हवं होतं तेवढं कोणी थांबलेलं नसतं. किटमधल्या पत्रकात जोडणीचा क्रम असतो, रंगकामाचा क्रम एकमेकांत कसा गुंफायचा हे त्यात नसतं. आणि तिथेच गाडी अडते.

उदाहरणासाठी टी-५५ घेतो. १९७१ च्या युद्धात भारतीय लष्कराने तो वापरला, त्याची किट चांगली मिळतात, आणि नवशिक्याला जिथे जिथे ठेच लागते त्या सगळ्या जागा या एका गाडीत आहेत. पहिलंच मॉडेल असेल तर तामिया कंपनीचं किट घ्या. मिनीआर्टची आतल्या भागासकट येणारी किटं सुंदर असतात, पण त्यांत हजारावर तुकडे असतात. ती दुसऱ्या-तिसऱ्या मॉडेलसाठी ठेवा.

## टप्पा १: गाडी कोणाची आणि कोणत्या सालची

हा निर्णय डिकलच्या वेळी घ्यायचा नसतो, निपर (तुकडे कापायची बारीक पक्कड) हातात घेण्याआधी घ्यायचा असतो. १९७१ चा भारतीय टी-५५ करायचा असेल तर त्यावर मूळची १०० मिलिमीटरची सोव्हिएत तोफ हवी. पुढे भारताने आपल्या टी-५५ वर १०५ मिलिमीटरची तोफ चढवली. १०० मिलिमीटरच्या तोफेवर धूर ओढून घेणारं जाड नळकांडं अगदी तोंडाशी असतं, १०५ च्या तोफेवर ते तोंडापासून बरंच मागे असतं. नंतरच्या काळातला फोटो समोर ठेवून १९७१ चे नंबर लावले, की जाणकाराला पहिल्या नजरेत खटकतं.

टी-५४ आणि टी-५५ यांचीही गल्लत होते. टी-५४ च्या टरेटवर (फिरत्या तोफबुरुजावर) उजवीकडे, लोडरच्या झाकणाच्या पुढे, हवा खेळवणाऱ्या पंख्याचं घुमटाकार टोपण असतं. टी-५५ वर ते नसतं. संदर्भासाठी जमवलेले फोटो या एका खुणेवर चाळून घ्या.

शक्य असेल तर अहिल्यानगरचं रणगाडा संग्रहालय एकदा बघून या. तुमचंच मॉडेल तिथे असायला हवं असं नाही. ओतीव पोलादाचा खरबरीत पृष्ठभाग आणि सपाट पोलादी पत्रा यांतला फरक, वेल्डिंगची जाडी, चढता-उतरताना कुठला रंग घासला जातो, हे डोळ्यांनी पाहिलेलं फोटोत पाहिल्यापेक्षा दहापट उपयोगी पडतं. टरेट आणि हल (गाडीचं धड) जिथे मिळतात ती जागा नीट बघा.

साल ठरलं की पत्रक घेऊन बसा आणि पेन्सिलने गट पाडा. माझे गट असे: खालचा हल आणि त्याच्या भुजा (चाकं धरणारे दांडे); रोडव्हील, म्हणजे जमिनीवर चालणारी मोठी चाकं; दोन पट्टे; वरचा हल मडगार्डांसकट; टरेट तोफेसकट; मशीनगन; अवजारं, ओंडका आणि तारदोर; काचेचे तुकडे. हे गट रंग होईपर्यंत एकमेकांना चिकटवायचे नाहीत. पत्रकात ‘चाकं लावा, पट्टा चढवा, मग वरचा हल बसवा’ असं लिहिलेलं असेल तिथे लाल फुली मारा. या लेखातलं एकच वाक्य पाळायचं असेल तर हे पाळा.

तपासा: प्रत्येक गटाकडे बघून विचारा, हा इथे चिकटल्यावर त्याच्या मागे एअरब्रशचा (हवेच्या दाबावर रंग उडवणाऱ्या पेनचा) फवारा पोचेल का? नाही, तर तो सुटा राहील.

## टप्पा २: जागा, हवा आणि सामान

मुंबईतल्या घरात वेगळी कामाची खोली बहुधा नसते. खिडकीजवळचं टेबल, त्यावर काच किंवा कटिंग मॅट, आणि अर्धवट मॉडेल झाकून ठेवायला झाकणाचा प्लास्टिकचा मोठा डबा, एवढ्यावर भागतं. तोफेसकट टी-५५ ची लांबी सुमारे ९ मीटर, म्हणजे १/३५ मध्ये साधारण २६ सेंटिमीटर. डबा त्यापेक्षा ऐसपैस घ्या.

सामान मोजकं ठेवा: चांगला निपर, ब्लेडचा चाकू, टोकदार चिमटा, ४०० ते १००० नंबरचे वॉटर पेपर, हाताने फिरवायचं बारीक ड्रिल, पातळ प्लास्टिक सिमेंट (प्लास्टिक विरघळवून जोडणारा गोंद), फेविक्विक, पुट्टी. बारीक ड्रिल बिट आणि कानशी नागदेवी स्ट्रीटला मिळतात, आयसोप्रोपिल अल्कोहोल लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत, आणि ऑइल कलर व टर्पेंटाइन कुठल्याही बऱ्या स्टेशनरीत कॅमलचे. निपरवर पैसे वाचवू नका. इलेक्ट्रिशियनची पक्कड प्लास्टिक कापत नाही, चिरडते.

आता हवेबद्दल. मुंबईत दमट हवा हा रंगकामाचा मोठा वैरी आहे. लॅकर जातीचा रंग उडत असताना पृष्ठभाग थंड पडतो, हवेतलं बाष्प त्यावर जमतं आणि रंग पांढुरका दिसतो. जून ते सप्टेंबर हा त्रास सर्वांत जास्त. एक साधं आर्द्रता दाखवणारं यंत्र टेबलावर ठेवा. आकडा ७५ टक्क्यांच्या वर असेल त्या दिवशी स्प्रे कॅन उघडू नका. त्या दिवशी कापा, घासा, जोडा. मी पावसाळा जोडणीला देतो आणि फवारणी शक्यतो नोव्हेंबर ते फेब्रुवारीत करतो. ज्यांना तेवढं थांबायचं नाही त्यांनी निदान दोन पावसांमधला उघाडीचा, उन्हाचा दिवस पकडावा.

एसीची खोली वाळवायला चांगली, फवारायला नाही. बंद खोलीत थिनरची वाफ कोंडते. खिडकीशी, पंख्याचा झोत बाहेरच्या दिशेने ठेवून फवारा, वास उडून गेला की मॉडेल एसीत न्या.

सावधान: थिनरची वाफ पेट घेते. देवघरात निरांजन किंवा उदबत्ती चालू असताना, शेजारच्या खोलीत गॅस पेटलेला असताना फवारणी करू नका. साधा कापडी मास्क वाफ अडवत नाही. सेंद्रिय वाफेसाठीची काडतुसं असलेला मास्क लागतो.

## टप्पा ३: कापणं आणि साफ करणं

कापण्याआधी सगळ्या चौकटी (स्प्रू, ज्यांना तुकडे जोडलेले येतात) कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब टाकून धुवा. साच्यातलं तेल राहिलं तर रंग पुढे पापुद्र्यासारखा सुटतो.

तुकडा दोनदा कापायचा. पहिला काप तुकड्यापासून लांब, चौकटीच्या बाजूला. दुसरा जवळ, पण अर्धा मिलिमीटर सोडून. उरलेला टिंब ब्लेडने आणि वॉटर पेपरने काढायचा. एकाच फटक्यात अंगालगत कापलं तर प्लास्टिकवर पांढरा ताण उमटतो किंवा खळगा पडतो, आणि बारीक हँडल हमखास तुटतं.

मग प्रत्येक गोल तुकड्यावर साच्याची रेघ शोधा. तोफेची नळी, चाकांच्या कडा, भुजा, हँडल, ओंडका. प्लास्टिकच्या रंगावर ती दिसत नाही, नख फिरवलं की लागते. ब्लेडची मागची बोथट बाजू तिरकी धरून खरवडा. झाकणांच्या आतल्या बाजूला साच्याच्या पिनांचे गोल खळगे असतात. झाकण उघडं ठेवणार असाल तरच ते पुट्टीने भरा, बंद ठेवणार असाल तर वेळ घालवू नका.

एकावेळी एकाच टप्प्याचे तुकडे कापा. सगळे कापून वाटीत ठेवले की नंबर हरवतात, आणि डावी-उजवी भुजा ओळखू येत नाही.

## टप्पा ४: खालचा हल आणि चाकं

मॉडेल सरळ उभं राहणार की डुलणार, ते इथे ठरतं.

हलचे पत्रे वेगवेगळे असतील तर आधी सिमेंटशिवाय जुळवून मास्किंग टेपने बांधा, मग सांध्यावर पातळ सिमेंटचा ब्रश टेकवा. ते आपोआप आत ओढलं जातं. ब्रश सांध्यावर फिरवत बसलात तर बोटाखालून सिमेंट पसरतं आणि तुमचा ठसा कायमचा प्लास्टिकवर राहतो. चिकटवलेला हल स्वयंपाकघरातल्या ग्रॅनाइटच्या ओट्यावर ठेवून चारही कोपरे टेकतात का पाहा. घरात त्याहून सपाट जागा क्वचितच असते.

टी-५५ ला प्रत्येक बाजूला पाच रोडव्हील, आणि पहिल्या व दुसऱ्या चाकात ठळक मोकळी जागा. ओढणारं दातेरी चाक मागे, आयडलर (पट्टा ताणून धरणारं चाक) पुढे. वरचा पट्टा उचलून धरणाऱ्या छोट्या फिरक्या या गाडीला नाहीत, म्हणून पट्टा थेट रोडव्हीलच्या माथ्यावर टेकतो. हे ध्यानात ठेवा, पुढच्या टप्प्यात लागेल.

भुजा चिकटवल्यावर सिमेंट ओलं असतानाच चाकं कोरडी, न चिकटवता, खोचा. हल ओट्यावर ठेवा आणि प्रत्येक चाकाखाली वहीच्या कागदाची पट्टी सरकवा.

तपासा: दहाच्या दहा पट्ट्या ओढताना अडकल्या पाहिजेत. एखादी सहज निसटली तर ते चाक हवेत आहे. भुजा किंचित खाली दाबा, चाकाखाली कागदाची घडी ठेवून रात्रभर तसंच राहू द्या. सिमेंट वाळल्यावर हे दुरुस्त करायला गेलात तर भुजाच तुटते.

सकाळी चाकं काढून घ्या. भुजेला ती आत्ता चिकटवायची नाहीत. आतला आणि बाहेरचा भाग जोडून प्रत्येक चाक टूथपिकवर खोचा आणि थर्माकोलमध्ये उभं करा.

## टप्पा ५: पट्टे

लोक सर्वांत जास्त घाई इथेच करतात, म्हणून जरा सविस्तर.

पट्टे तीन प्रकारचे येतात. मऊ अखंड पट्टा, लांब सरळ तुकडे आणि वळणापुरत्या सुट्या कड्या, आणि सगळ्याच सुट्या कड्या. कोणताही असो, खऱ्या गाडीचा पट्टा जड पोलादाचा असतो. स्वतःच्या वजनाने तो चाकांच्या माथ्यावर टेकतो आणि दोन चाकांच्या मध्ये किंचित झुकतो. टी-५५ वर पहिल्या-दुसऱ्या चाकातल्या मोठ्या फटीवर ही झुकण जास्त दिसते. ताणलेल्या रबराचा सरळ पट्टा दिसला की बाकी सगळी मेहनत वाया जाते.

सुट्या कड्यांचा क्रम असा. स्टीलची पट्टी टेबलावर टेपने चिकटवा, तिला टेकवून कड्या ओळीत लावा, सांध्यांवर जरा घट्ट, सावकाश वाळणारं सिमेंट लावा. अर्ध्या ते पाऊण तासात ओळ चिकटलेली पण अजून वाकणारी अशी होते. तेव्हा चाकं भुजांवर ब्लू-टॅकने (पुन्हा निघणाऱ्या चिकट लगद्याने) तात्पुरती लावून ओळ त्यांच्यावर गुंडाळा. वरचा हल न चिकटवता नुसता वर ठेवा आणि मडगार्ड आणि पट्टा यांच्यामध्ये कापसाचे बोळे सारून झुकण द्या. कड्यांच्या आतल्या शिंगांची रांग चाकाच्या दोन तबकड्यांच्या मधून जाते ना, ते बघा. रात्रभर ठेवा, मग दातेरी चाकाजवळचा सांधा उघडून पूर्ण पट्टा अलगद काढा. तो आता आपला आकार धरून ठेवेल आणि वेगळा रंगवता येईल.

दातेरी चाक आणि आयडलर हलला चिकटवू नका, पण पट्ट्याची लांबी ठरवताना ते नेमके आपल्या जागी असू द्या. आयडलर अर्धा मिलिमीटर पुढे-मागे झाला की एक कडी जास्त किंवा कमी पडते.

मऊ पट्टा असेल तर हलच्या बाजूला, चाकांच्या माथ्याच्या किंचित वर, मडगार्डच्या आड दोन-तीन बारीक भोकं पाडा आणि त्यांत टाचण्यांचे तुकडे खोचा. शेवटी पट्टा चढवल्यावर त्या टाचण्या त्याला खाली दाबून धरतात आणि बाहेरून दिसत नाहीत.

सावधान: काही मऊ पट्ट्यांतलं द्रव्य वर्षभरात प्लास्टिकची चाकं वितळवतं, मुंबईच्या उकाड्यात लवकरच. मऊ पट्टा उघड्या प्लास्टिकला कधीही टेकू देऊ नका. मध्ये प्राइमर आणि रंगाचा थर हवा.

तपासा: पट्ट्याला दिशा असते. खऱ्या गाडीचा पुढून काढलेला फोटो घ्या, कडीचा आकार जुळवा, आणि मगच डावा-उजवा अशी खूण आतल्या बाजूला करा.

## टप्पा ६: टरेट, तोफ आणि वरचा हल

टी-५५ चा टरेट ओतीव आहे, हल सपाट पत्र्यांचा. किटवर दोन्ही सारखेच गुळगुळीत असतील तर फरक तुम्हाला करायचा आहे. टरेटच्या बाजूंवर सरफेसरचा (दाट प्राइमरचा) घट्ट थर थोडा थोडा लावा आणि केस कापून ताठ केलेल्या जुन्या ब्रशने लगेच टोचत जा. वाळल्यावर ८०० च्या कागदाने टोकं मारा. खरबरीतपणा हाताला जाणवायला हवा, लांबून दिसायला नको. छताचे पत्रे आणि हल यांना हात लावू नका, ते गुळगुळीतच असतात. टरेटचे दोन अर्धे जिथे जुळतात ती फट भरून, मग पोत चढवा. उलट केलं तर फट घासताना पोत निघून जातो.

तोफेची नळी दोन भागांत असेल तर सिमेंट सढळ लावून दाबा, सांध्यातून वितळलेल्या प्लास्टिकची बारीक कड वर यायला हवी. एक दिवसाने ती लांबीच्या दिशेने खरवडा, मग वॉटर पेपर नळीभोवती गुंडाळून फिरवा. सपाट कानस वापरलीत तर नळी चौकोनी होते. तोंड भरीव असेल तर मध्यावर टाचणीने खूण करून ड्रिलने पोकळ करा.

तांब्या-पितळेचे कोरीव तुकडे सिमेंटने चिकटत नाहीत. टूथपिकच्या टोकावर फेविक्विकचा ठिपका घ्या. दिव्यांच्या काचांना मात्र फेविक्विक लावू नका, त्याच्या वाफेने काच धुरकट होते. त्या रंगकाम संपल्यावर फेव्हिकॉलने बसवायच्या, ते वाळल्यावर पारदर्शक होतं.

## टप्पा ७: धुणं आणि प्राइमर

घासल्याची पूड जुन्या टूथब्रशने साबणाच्या पाण्यात धुवा आणि पूर्ण वाळू द्या. भोकांत साचलेलं पाणी फवाऱ्याखाली बाहेर येतं.

प्राइमरचे दोन-तीन हलके हात द्या, एक जाड नको. स्प्रे कॅन असेल तर कोमट पाण्यात थोडा वेळ उभा ठेवा, भरपूर हलवा, साधारण २० सेंटिमीटरवरून फवारा. फवारा मॉडेलच्या बाहेर सुरू करा आणि बाहेरच थांबवा.

प्राइमरनंतर दिव्याखाली धरलं की राहिलेल्या रेघा आणि फटी उघड्या पडतात. त्या भरा, घासा, तेवढ्याच जागी पुन्हा प्राइमर. इथे कंटाळा केला तर पुढचे सगळे थर त्या फटीला उठावच देतात.

तपासा: स्प्रूची रिकामी चौकट फेकू नका. प्रत्येक वेळी मॉडेलसोबत तिच्यावरही तोच थर द्या. वाळलंय का हे बघायला नख चौकटीवर मारा, मॉडेलवर नाही. शिवाय नाकाजवळ धरून वास घ्या. वास येतोय तोवर थर ओलाच आहे, वरून कितीही कोरडा लागो.

## टप्पा ८: मूळ रंग

तामियाचा अ‍ॅक्रिलिक एअरब्रशला दुधाइतका पातळ करावा लागतो, रंग एक भाग आणि त्याचं एक्स-२०ए थिनर एक ते दीड भाग. दाब १५ ते २० पीएसआय. कंप्रेसरला पाणी अडवणारा ट्रॅप असलाच पाहिजे. मुंबईत तो दर थोड्या वेळाने रिकामा करावा लागतो, नाहीतर हिरव्या रंगावर मध्येच पाण्याचा थेंब पडतो.

सावधान: वलेहोच्या रंगात आयसोप्रोपिल अल्कोहोल घालू नका, गुठळ्या होऊन एअरब्रश तुंबतो. दोन कंपन्यांचे अ‍ॅक्रिलिक एकमेकांत मिसळू नका. हार्डवेअरच्या दुकानातलं एनसी थिनर एअरब्रश धुवायला चालतं, मॉडेलवर नाही. ते प्लास्टिकच खातं.

आधी सांदीकोपऱ्यांत, चाकांच्या मागे, टरेटच्या खाली गडद तपकिरी-काळा. मग ऑलिव्ह हिरवा पातळ थरांत, असा की खालचा गडदपणा कडांना किंचित राहील. शेवटी त्याच हिरव्यात थोडा गडद पिवळा मिसळून वरच्या सपाट भागांच्या मध्यावर. उजळ करायला पांढरा घालू नका, हिरवा दुधाळ आणि थंड होतो. डबीतला रंग डोळ्यांना बरोबर वाटतो त्यापेक्षा एक छटा उजळ ठेवा, कारण पुढचे वॉश (फटींत उतरणारा पातळ गडद रंग) आणि वार्निश सगळं गडद करत जातात.

चाकांसाठी उलटा क्रम सोपा पडतो. आधी संपूर्ण चाक रबराच्या काळपट राखाडी रंगात. मग इंजिनिअरिंगची मुलं वापरतात ते वर्तुळांचं टेम्प्लेट घेऊन योग्य मापाचं भोक चाकावर धरा आणि मधून हिरवा फवारा. रबराची कड सुबक, ब्रश न लावता.

पट्टे गडद तपकिरी-राखाडी. नारिंगी गंज रंगवायचा मोह आवरा. रोज चालणाऱ्या गाडीचा पट्टा घासून काळपट पोलादी होतो. नारिंगी गंज महिनोन्‌महिने उभ्या गाडीवर चढतो.

तामियाच्या थराला कोरड्या दिवसांत एक दिवस, पावसाळ्यात दोन दिवस द्या.

## टप्पा ९: डिकल

मॅट रंग सूक्ष्मदृष्ट्या खडबडीत असतो. त्यावर डिकल ठेवलं की खाली हवा अडकते आणि चंदेरी चकाकते. म्हणून नंबर येणार त्या जागी आधी चकचकीत क्लिअर (पारदर्शक वार्निश), आणि तो पूर्ण वाळू द्या.

डिकल कोमट पाण्यात बुडवून काढा आणि कागदावर सुटेपर्यंत थांबा, बोटाने ओढू नका. जागेवर सेटरचा (डिकल धरून ठेवणाऱ्या द्रवाचा) थेंब, त्यावर डिकल सरकवा, कापसाच्या काडीने मधून कडेकडे पाणी काढा. मग सॉफ्टरचा (डिकल मऊ करणाऱ्या द्रवाचा) पातळ हात. सॉफ्टर लावल्यावर डिकल सुरकुततं. तेव्हा घाबरून बोट लावलं की फाटतं. हात काढून घ्या, ते आपोआप बसतं. तरीही चकाकी राहिली तर सुईने भोकं पाडून पुन्हा सॉफ्टर.

भारतीय लष्करी गाडीच्या नंबरात वर टोक असलेला बाण असतो. बहुतेक किटांच्या डिकलमध्ये तो नसतो. भारतीय खुणांचा वेगळा संच मिळाला तर उत्तम, नाहीतर पातळ पांढऱ्या रंगाने हाताने काढा, फोटो समोर ठेवून. न वापरलेली डिकल सिलिका जेलच्या पुडीसह झिपच्या पिशवीत ठेवा. उघडी राहिली तर इथल्या हवेत त्यांना बुरशी येते.

डिकलवर पुन्हा क्लिअरचा एक हात, म्हणजे वॉशमध्ये ती उचलली जात नाहीत.

## टप्पा १०: वॉश, झीज, माती

क्रम: वॉश, मग ओरखडे, मग मॅट वार्निश, मग तेलाचे डाग आणि धूळ. धूळ आधी टाकून वर वार्निश फवारलं की ती नाहीशीच होते.

वॉशसाठी कॅमलचा बर्न्ट अंबर ऑइल कलर पुठ्ठ्यावर काढून तासभर ठेवा, पुठ्ठा जास्तीचं तेल शोषून घेतो आणि रंग मॅट वाळतो. मग त्यात थोडा काळा आणि टर्पेंटाइन. बारीक ब्रशचं टोक बोल्टच्या बुडाशी, वेल्डिंगच्या कडेला, झाकणाच्या फटीत टेकवा, तो स्वतः धावतो. अर्ध्या तासाने टर्पेंटाइनने जेमतेम ओलसर ब्रशने जादाचा पुसा. सगळ्या गाडीवर वॉश ओतू नका. गाडी मळकट दिसते, खोल नाही.

सावधान: टर्पेंटाइन उघड्या प्लास्टिकच्या ताणलेल्या सांध्यांत झिरपलं तर ते ठिसूळ होतात. चाकांच्या आसांजवळ डबकं साचू देऊ नका.

ओरखड्यांना मोजमाप लावा. मॉडेलवरचा १ मिलिमीटर म्हणजे खऱ्या गाडीवर साडेतीन सेंटिमीटर. स्पंजने मारलेला ३ मिलिमीटरचा टवका म्हणजे दहा सेंटिमीटरहून मोठा उघडा पत्रा. म्हणून स्पंज आधी कागदावर जवळजवळ कोरडा करा आणि फक्त माणसांचा वावर असतो तिथेच टेकवा: पुढे डावीकडचं चालकाचं झाकण, टरेटवरच्या दोन झाकणांच्या कडा, मडगार्डच्या धारा. टी-५५ चं एक्झॉस्ट डाव्या मडगार्डवर मागे आहे, काजळी तिथे. इंधनाच्या बाहेरच्या टाक्या उजव्या मडगार्डवर, तेलाचे ओघळ त्यांच्या तोंडापाशी. बाजू बदलल्या की जाणकाराचा विश्वास उडतो.

मातीचा रंग रणभूमीचा घ्या, आपल्या गावचा नाही. कोकणातली लाल माती १९७१ च्या पंजाबातल्या रणगाड्यावर शोभत नाही. तिथली धूळ फिकट, पिवळसर राखी. पूर्वेकडच्या आघाडीवर ओलसर करडा-तपकिरी चिखल. खरी माती वापरूच नका, तिचा कण या मापात खड्यासारखा दिसतो आणि ओलावा धरतो. सॉफ्ट पेस्टल ब्लेडने खरवडून पूड करा, खालच्या हलवर आणि चाकांच्या मागे कोरड्या ब्रशने टाका, मग टर्पेंटाइनचा थेंब टेकवून बसवा. ओली असताना ती गडद दिसते. वाळून रंग फिकट होईपर्यंत दुसरा हात देऊ नका.

पट्ट्याच्या जमिनीला घासणाऱ्या कडा आणि रोडव्हील फिरतात ती आतली वाट मऊ पेन्सिलीच्या शिशाने घासा. तेवढ्याने पोलाद चमकतं.

## टप्पा ११: शेवटची जोडणी

आता सुटे गट एकत्र यायचे. क्रम: चाकं, दातेरी चाक आणि आयडलर, पट्टा, मग वरचा हल. जिथे जिथे सिमेंट लागणार तिथला रंग ब्लेडने खरवडून प्लास्टिक उघडं करा, नाहीतर तुकडा रंगाला चिकटतो, गाडीला नाही. वरचा हल बसवण्याआधी पट्टा मडगार्डला घासत नाही ना ते पाहा. मग अवजारं, तारदोर, मागचा ओंडका, मशीनगन, दिव्यांच्या काचा. सांध्यांवर नवी चमक आली असेल तर मॅट वार्निश बारीक ब्रशने तेवढ्याच जागी, फवारून नको.

वायरलेसची काडी सर्वांत शेवटी. स्प्रूचा तुकडा मेणबत्तीच्या ज्योतीवर मऊ करून ओढला की हवी तेवढी बारीक काडी निघते. हे काम थिनरच्या बाटल्या कपाटात गेल्यावरच करा. काचेची पेटी करून घ्यायची असेल तर उंची काडीसकट मोजून द्या आणि तळाशी सिलिका जेल ठेवायला बोटभर कप्पा सोडायला सांगा. रंग बदलणारं जेल घ्या. पावसाळ्यात त्याचा रंग बदलला की पुडी बाहेर काढून नवी ठेवायची.